रोजमेळापासून ताळेबंदापर्यंत : कंपनी-हिशेबाच्या शिक्षणाचा प्रवास

दीपावलीच्या वहीपूजनाने ज्यांचे व्यापारी वर्ष सुरू होते, त्या समाजाला हिशेबाचे महत्त्व नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. रोजमेळ, खतावणी, नावे-जमा हे शब्द अनेक घरांतील मुलांच्या कानी शाळेत जाण्यापूर्वीच पडतात. असे असूनही याच घरांतील मुले बी.कॉम.च्या वर्गात ‘कंपनी अकाउंट्स’ या भागापाशी आली की अडखळतात, आणि घरातील वडीलधारी मंडळी विचारतात, ‘दुकानाच्या वहीत जे कधी लिहायचेच नाही, ते शिकून काय उपयोग?’ प्रश्न व्यवहारी आहे. त्याचे उत्तर मुंबईच्या गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासात सापडते, आणि त्या इतिहासाच्या आरंभी एका जैन व्यापाऱ्याचेच नाव आहे.

स्वतःचे धन आणि दुसऱ्याचे धन

हिशेबाची विद्या या भूमीला नवीन नाही. इसवी सनाच्या नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, जैन गणिती महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. मुद्दल, व्याज आणि प्रमाणशीर वाटणी यांची गणिते त्यात आहेत. पेढीवरील भागीदारीला एवढी विद्या पुरेशी होती. भागीदार परस्परांना ओळखत, एकाच गादीवर बसत आणि शंका आली तर वही उघडून पाहत.

कंपनीची गोष्ट निराळी. तिचे भागधारक हजारोंच्या संख्येने गावोगावी विखुरलेले असतात. त्यांतील बहुतेकांनी कारखान्याचे दारही पाहिलेले नसते. भारतात १८५७ च्या कायद्याने कंपन्यांना मर्यादित जबाबदारीचे तत्त्व लागू झाले आणि १८६० मध्ये ते बँकांनाही मिळाले. भागधारकाची जबाबदारी त्याच्या भागाच्या रकमेपुरती राहिली. कंपनी बुडाली तर धनकोला त्याच्या घरादारावर हक्क सांगता येईना. भांडवल उभारणे यामुळे सोपे झाले, पण धनकोचा आधार केवळ कंपनीच्या मालमत्तेपुरता उरला. मालक दूर आणि धनको आधारहीन, अशा स्थितीत दोघांनाही सत्य सांगणारी एकच वस्तू उरते, ती म्हणजे कंपनीचा ताळेबंद.

राजाबाई टॉवरची शिकवण

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैशाचा पूर लोटला, नव्या कंपन्या आणि बँका निघू लागल्या. या सर्व उलाढालीच्या केंद्रस्थानी सुरतेच्या जैन कुळात १८३१ मध्ये जन्मलेले शेठ प्रेमचंद रायचंद होते. याच काळात, १८६४ मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लक्ष आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लक्ष रुपयांचे दान दिले. मातोश्री राजाबाईंचे नाव मनोऱ्याला द्यावे, एवढीच त्यांची इच्छा होती. सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचे व्रत पाळणाऱ्या राजाबाईंना दृष्टी नसल्याने घड्याळाच्या ठोक्यांचा आधार होई, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते.

मनोरा उभा राहण्यापूर्वीच संकट कोसळले. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजार रुपयांचा भाग पन्नास हजारांवर गेला होता. बँका शेअर तारण ठेवून कर्ज देत होत्या आणि त्याच कर्जातून पुन्हा शेअर खरेदी होत होते. त्या भागांमागे प्रत्यक्ष मालमत्ता किती, हे तपासण्याची सक्ती कोणावरही नव्हती. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांची मुदत भरताच बाजार बुडाला. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत गेलेला भाग ८७ रुपयांना विकण्याची वेळ आली. खुद्द ही बँक १८६८ मध्ये बंद झाली. प्रेमचंद शेठही या वादळातून सुटले नाहीत, पण त्यांनी दिलेल्या दानातून १८७८ मध्ये राजाबाई टॉवर पूर्ण झाला.

याच विद्यापीठाच्या पदवीसाठी पुढे अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर परिसरातील हजारो विद्यार्थ्यांनी कंपनी-हिशेबाचा अभ्यास केला. शेअर कसे घ्यावे हे मुंबईला १८६५ पूर्वीच कळले होते. शेअरमागचे सत्य कसे वाचावे, हे मात्र शिकायचे राहून गेले होते.

शिक्षणाची पायाभरणी

ही उणीव भरून निघण्यास अर्धे शतक लागले. १९१३ हे वर्ष या दृष्टीने स्मरणीय आहे. त्या वर्षीच्या भारतीय कंपनी कायद्याने कंपन्यांना लेखापरीक्षण अनिवार्य केले आणि त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम कॉलेज ऑफ कॉमर्स सुरू झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ ते १९२० या काळात येथेच अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. कायद्याने जे काम सांगितले, ते करणारी माणसे घडविण्याची ही सोय होती. १९१८ मध्ये मुंबई सरकारने हिशेबनिसांसाठी स्वतंत्र पदविका सुरू केली. पुढे माटुंग्याचे पोदार महाविद्यालय (१९४१) आणि पुण्याचे बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय (१९४३) स्थापन झाले. १ जुलै १९४९ रोजी सनदी लेखापालांची संस्था अस्तित्वात आली. ज्या तारखेला १८६५ मध्ये मुंबईचा बाजार बुडाला, तीच ही तारीख, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

कल्याणपलीकडील भागाला या शिक्षणासाठी आणखी काही वर्षे थांबावे लागले. फाळणीनंतर सिंधी बांधवांनी उल्हासनगर वसविले आणि १९६५ मध्ये तेथे चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालय सुरू झाले. अंबरनाथहून कल्याणच्या दिशेने जाणाऱ्या लोकलचे पहिलेच स्थानक उल्हासनगर. आधी महाविद्यालयासाठी मुंबईपर्यंतचा प्रवास करणे प्रत्येक घराला शक्य नव्हते. महाविद्यालय एका स्थानकावर आल्यामुळे सकाळी वर्ग आणि दुपारनंतर दुकान, असा क्रम व्यापारी घरांतील मुलांना शक्य झाला. अनेक मुलींच्या शिक्षणालाही त्यामुळे वाट मिळाली.

पुस्तकातील गणित, व्यवहारातील अर्थ

या अभ्यासातील दोन उदाहरणे पाहिली तरी त्यामागचा विचार ध्यानात येतो. पहिले उदाहरण अग्रहक्क भागांच्या परतफेडीचे. एखाद्या कंपनीला दहा लक्ष रुपयांचे असे भाग परत करायचे आहेत आणि त्यासाठी तिने सहा लक्षांचे नवे भाग विकले. उरलेले चार लक्ष नफ्यातून दिले, तर तेवढीच रक्कम नफ्यातून काढून ‘भांडवल परतफेड राखीव निधी’त ठेवावी लागते. ही रक्कम लाभांश म्हणून वाटता येत नाही. विद्यार्थी ही नोंद पाठ करतो, पण तिच्यामागील हेतू क्वचितच विचारतो. धनकोने दहा लक्षांच्या भांडवलावर विश्वास ठेवून माल उधार दिलेला असतो. ते भांडवल मागल्या दाराने निघून जाऊ नये, म्हणून ही तरतूद आहे.

दुसरे उदाहरण नावलौकिकाच्या मूल्याचे, म्हणजे गुडविलचे. एखाद्या दुकानात वीस लक्षांचे भांडवल आहे आणि त्या धंद्यात दहा टक्के परतावा साधारण समजला जातो. म्हणजे दोन लक्ष नफा अपेक्षित आहे. प्रत्यक्ष नफा सरासरी तीन लक्ष असेल, तर वरचा एक लक्ष हा नावलौकिकाचा. तीन वर्षांच्या खरेदीच्या हिशेबाने त्याचे मूल्य तीन लक्ष होते. भावाभावांतील वाटणीत जुन्या दुकानाच्या ‘नावाची’ किंमत किती, यावरून कित्येक कुटुंबांत कटुता आली आहे. ज्या घरात ही रीत कोणाला तरी ठाऊक असते, तेथे वाद चर्चेने मिटण्याची शक्यता वाढते.

कंपन्यांचे एकत्रीकरण हे प्रकरणही अंबरनाथकरांना परके नाही. ज्या विम्को कंपनीच्या आगपेटी कारखान्याने या गावाला औद्योगिक ओळख दिली, ती १९२३ मध्ये स्वीडिश भांडवलावर स्थापन झाली होती. २००५ मध्ये तिचे नियंत्रण आयटीसी समूहाकडे गेले आणि पुढे तिचा आगपेटीचा व्यवसाय आयटीसीमध्ये विलीन करण्यात आला. अशा वेळी जुन्या भागधारकाला काय मिळते, देणी कोणाकडे जातात आणि मालमत्ता कोणत्या किमतीला धरली जाते, हे सारे या एका प्रकरणात शिकविले जाते. विम्को नाक्यावरून रोज जाणाऱ्या विद्यार्थ्याला हे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही.

कूटलेख आणि न्यास

नियम बदलत राहतात. १९५६ च्या कंपनी कायद्याच्या सहाव्या परिशिष्टानुसार अनेक पिढ्यांनी देणी डावीकडे आणि मालमत्ता उजवीकडे मांडली. २०११-१२ पासून उभ्या मांडणीचा ताळेबंद आला आणि २०१३ च्या नव्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टाने तो कायम केला. परंतु मांडणी सुधारली म्हणून मन सुधारते असे नाही. जानेवारी २००९ मध्ये सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी कबूल केले की, ताळेबंदात दाखविलेल्या रोख व बँक शिलकेपैकी सुमारे ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. नोंदी व्यवस्थित होत्या, बेरजा जुळत होत्या, फक्त पैसा नव्हता.

जैन परंपरेत श्रावकाच्या सत्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘कूटलेखक्रिया’ आणि ‘न्यासापहार’ हे दोन आहेत. खोटा लेख लिहिणे आणि दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेली ठेव गिळंकृत करणे, हा त्यांचा अर्थ. कंपनी-हिशेबाच्या संपूर्ण अभ्यासाचे सार या दोन शब्दांत सामावले आहे. भागधारकाचे भांडवल हा न्यास, धनकोची उधारी हाही न्यास, आणि त्याचा अपहार लपवायचा तर कूटलेखाशिवाय गत्यंतर नसते.

हीच गोष्ट धर्मादाय संस्थांनाही लागू पडते. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने विश्वस्तांवर हिशेब ठेवण्याची आणि तो तपासून घेण्याची जबाबदारी टाकली. दात्याने पेटीत टाकलेला रुपया कोठे खर्च झाला, हे जाणून घेण्याचा समाजाला अधिकार आहे, आणि ते कळायचे तर वार्षिक सभेत वाटला जाणारा ताळेबंद वाचता येणारे सभासदही हवेत. हात वर करून हिशेब मंजूर करण्यापूर्वी दोन नेमके प्रश्न विचारणारा सभासद प्रामाणिक विश्वस्ताला अडचणीचा वाटत नाही. उलट, त्याच्या प्रामाणिकपणाचा तोच साक्षीदार असतो.

म्हणूनच समाजातील जी मुले-मुली आज वाणिज्य शाखेत शिकत आहेत, त्यांना ‘याचा दुकानात काय उपयोग’ असे म्हणून कोणी नाउमेद करू नये. दुकानाची वही संगणकावर गेली आहे, उद्या दुकानही कदाचित कंपनी होईल. तोपर्यंत संस्थेची, पतपेढीची आणि गृहनिर्माण सोसायटीची हिशेबपत्रके दरवर्षी घरी येतच राहतील. ती न वाचता फडताळात ठेवली जाऊ नयेत आणि घरातील वाणिज्य शिकणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती आवर्जून द्यावीत, एवढे जरी झाले तरी या शिक्षणाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.