भीमेचे मासे आणि एक हरवलेली वही

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत, टेक्सासमध्ये असतो. गेल्या महिन्यात त्याने काही फोटो पाठवले. तळ्यात मोटर लावलेली चकचकीत बोट, त्याच्या हातात बास नावाचा मोठ्या तोंडाचा हिरवट मासा आणि शेजारी एक उघडी पेटी. पेटीत खण पाडलेले, आणि प्रत्येक खणात रबरी गांडुळं, प्लॅस्टिकचे बेडूक, पत्र्याच्या चमकत्या फिरक्या, रंगवलेले लाकडी मासे. ही सगळी माशाला फसवायची खोटी आमिषं. त्याने लिहिलं होतं, "सर, इथे ऋतूप्रमाणे आमिष बदलावं लागतं. वसंतात बास काठाशी उथळ पाण्यात घरटं करतो, उन्हाळ्यात दुपारी खोल जातो, शरदात लहान माशांच्या थव्यामागे पळतो आणि थंडीत तळाशी सुस्त पडून राहतो. आपल्या भिगवणला असं काही शास्त्र होतं का हो?"

पत्र वाचून मला पन्नास वर्षांपूर्वीची एक वही आठवली, आणि त्या दिवशी जेवणात लक्ष लागलं नाही.

१९७५ च्या आसपासची गोष्ट. उजनी धरणाचं काम चालू होतं, पण पाणी अजून अडलेलं नव्हतं. भिगवणच्या परिसरात भीमा तेव्हा नदीच होती. मी नवा मास्तर. सातवीच्या वर्गाला 'माझा आवडता ऋतू' असा निबंध दिला. भोई समाजातला एक मुलगा होता. पावसाळा लागला की तो पंधरा-पंधरा दिवस शाळेत यायचा नाही आणि मी हजेरीपटावर लाल शाईने 'गैरहजर' लिहीत जायचो. त्याने निबंधात पावसाचं वर्णन केलं नाही, इंद्रधनुष्य नाही, हिरवा शालू नाही. त्याने नक्षत्रं लिहिली होती. मृगात कोणता मासा चढतो, आर्द्रात कोणता, मघात जाळं कुठे लावायचं, हस्तात गळाला काय लावायचं. दोन पानं भरून नुसती माशांची नावं. मी दहापैकी पाच गुण दिले आणि खाली शेरा मारला, 'निसर्गवर्णन नाही. विषय सोडून लिहिले आहे.'

आज वाटतं, विषय मीच सोडला होता.

त्या टेक्सासच्या मुलाला उत्तर द्यायचं म्हणून मी आठवणी जुळवल्या, थोडं वाचलं, आणि शेवटी त्या भोयाच्या मुलालाच जाऊन भेटलो. तो मुलगा आता साठी उलटलेला आजोबा आहे. जे हाती लागलं ते इथे मांडतो.

आधी जुनी भीमा. उन्हाळ्यात ती आटून तिचे डोह उरत. उरलेले मासे त्या डोहांत गोळा होत. तेव्हा ओढजाळं चाले. दोन्ही काठांनी माणसं जाळं धरून चालत आणि डोह एका टोकाकडे हाकत नेत. काही आळशी लोक थोराचा चीक पाण्यात कालवून मासे गुंगवीत, पण भोयांत ते हलकं काम समजलं जाई, कारण त्यात लहानमोठं सगळंच मरतं. जाळी सुताची किंवा तागाची, घरी विणलेली. ती कुजू नयेत म्हणून बाभळीच्या सालीच्या काढ्यात बुडवून तांबूस करत. भोयाच्या दारात वाळत घातलेलं तांबडं जाळं हीच त्या घराची पाटी असे.

मृगाचा पाऊस पडून नदीला पहिलं गढूळ पाणी आलं की 'चढणीचे मासे' सुरू होत. पोटात अंडी धरलेली मासळी प्रवाहाच्या उलट, ओढ्यानाल्यांत चढू लागे. ओढ्याच्या तोंडाशी कामट्यांची निमुळत्या तोंडाची टोपली लावली की मासा आत जाई, पण परत येत नसे. माझ्या हजेरीपटावरचे ते लाल पंधरा दिवस म्हणजे हेच दिवस. घराच्या वर्षभराच्या मीठमिरचीची सोय त्यात होई. त्या मुलाने शाळेत बसून काय करायला हवं होतं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

पूर ओसरला की काठावरून पाग फेकायचा. गोल जाळं, कडेला शिशाच्या गोळ्या. ते हवेत परातीसारखं उघडलं पाहिजे, ही मनगटाची विद्या. थंडीत रात्री 'दावण' लावायची. लांब दोरीला ओळीने गळ बांधायचे, दावणीला जनावरं बांधतात तसे, आणि पहाटे जाऊन ओढायचे. आमिष प्रत्येकाचं वेगळं. शिंगटी आणि वाम गांडुळाला येते. कणकेच्या गोळ्याला दुसरी मासळी. मरळ मात्र जिवंत बेडकी लावल्याशिवाय हलत नाही. काठाच्या गवतापाशी बेडकी पोहती ठेवायची आणि मरळ उसळायची वाट बघायची.

इथे एक गंमत सांगतो. अमेरिकेत १८९० च्या दशकात मिशिगन राज्यात जेम्स हेडन नावाचा मधमाश्या पाळणारा गृहस्थ होता. त्याने लाकडाचे बेडूक कोरून बास पकडायला सुरुवात केली आणि पुढे त्यातून मोठा कारखाना उभा राहिला. आमचा भोई आणि तो हेडन एकमेकांना कधी भेटणं शक्य नव्हतं, पण गवतात दबा धरून बसणाऱ्या माशाला बेडूक आवडतो हे दोघांनाही कळलं होतं. आता पुण्याहून हौशी गळकरी येतात, त्यांच्या पेटीत मरळीसाठी रबरी बेडूक असतो. फिरून तोच बेडूक भीमेकाठी आला म्हणायचा.

होड्यांचं म्हणाल तर जुन्या नदीत त्यांची गरज कमीच होती. डोह ओलांडायला सुके भोपळे बांधलेली सांगड पुरे. होडी खरी लागली ती धरण झाल्यावर.

१९८० च्या सुमारास धरण पूर्ण झालं आणि नदीचा समुद्र झाला. यशवंतसागर असं त्याचं नाव. पुणे, सोलापूर आणि नगर या तीन जिल्ह्यांतली गावं त्याखाली गेली. पळसदेवचं जुनं हेमाडपंती देऊळ पाण्यात गेलं, ते अजून पाणी उतरलं की डोकं वर काढतं. डिकसळला रेल्वे १८५८ साली आली होती, तिचा जुना दगडी पूलही या पाण्याने वेढला. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा. म्हणजे दरवाजातून सोडता येणाऱ्या पाण्यापेक्षा खाली राहणारं पाणीच जास्त. त्यामुळे बातम्यांत 'उजनी उणे वीस टक्के' असं ऐकून बाहेरचे लोक घाबरतात, पण तेव्हाही मासेमारी चालूच असते. २०२४ च्या उन्हाळ्यात मात्र साठा उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेला, मृतसाठ्यातलंही निम्मं पाणी संपलं.

शेतकऱ्यांची जमीन गेली हे सगळ्यांना दिसलं. भोयांची नदी गेली हे फार थोड्यांच्या लक्षात आलं. वरवर पाहता त्यांना पाणी कितीतरी पटीने वाढून मिळालं होतं. पण डोह नाही, धार नाही, ओढ्याचं तोंड कुठे आहे ते ठाऊक नाही. पाग फेकायला काठ उरला नाही. पन्नास हात खोल पाण्यात वडिलांची विद्या चालेना. मग लाकडी होड्या आल्या, डांबर फासलेल्या. ज्यांना होडी परवडेना ते ट्रकच्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तुकड्यांवर बसून पाण्यात जाऊ लागले. तागाच्या जागी नायलॉन आणि नंतर तंगूस आला. तंगूसाचं जाळं पाण्यात दिसत नाही, कुजत नाही, आणि तुटून तळाशी पडलं तरी मासे मारतच राहतं.

मासेही बदलले. त्याचं कारण साधं आहे. आमच्या जुन्या मासळीला विणीसाठी पुराची धार आणि उथळ ओढे लागत. साचलेल्या पाण्यात ते जमेना. मग राहू, कटला, मृगळ यांचं बीज सोडलं गेलं. आपण त्यांना घरचे समजतो, पण ते मूळचे गंगेकडचे. त्यांनाही बंद पाण्यात वीण जमत नाही. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशात माशांना पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोचून अंडी घालायला लावली, तेव्हापासून देशभर हे बीज तयार होऊ लागलं. आणि मग आली चिलापी. मूळची आफ्रिकेची, भारतात १९५२ साली आणलेली. तिची मादी अंडी तोंडात सांभाळते, वर्षात अनेकदा विते, तिला धार नको, ओढा नको, मृग नको. घाण पाण्यातही जगते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आणि भीमेतून इथे येतं, त्यात हीच टिकली. आज भिगवणची चिलापी म्हणून लोक महामार्गावर गाड्या थांबवतात. तिने कित्येक घरं जगवली हे खरं आहे. मी तिला नावं ठेवणार नाही.

पण ऋतूंचं काय झालं? ते अगदी गेले नाहीत, फक्त त्यांचा हिशेब बदलला. पावसाळ्यात पाणी चढतं, ते आमच्या पावसाने कमी आणि मावळातल्या पावसाने जास्त. हिवाळ्यात पहाटे धुक्यात होड्या जाळी उचलायला निघतात आणि भिगवणच्या बाजारात लिलावाची हाकाटी सुरू होते. पाणी उतरू लागलं की चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि कुंभारगाव, डिकसळकडे रोहित पक्षी येतात. तेव्हा तीच होडी जाळं उतरवून पर्यटक घेते. मार्चनंतर मोकळ्या झालेल्या जमिनीवर गाळपेर होते. मे महिन्यात पाणी सर्वांत कमी आणि मासा दाटीत असतो. तेव्हाच बारीक आसाची जाळी घेऊन वडाप करणारे उतरतात आणि बोटभर पिल्लंही ओरबाडून नेतात. पूर्वीच्या चिकासारखंच हे काम. फरक एवढाच की चीक लावणाऱ्याला तेव्हा लाज वाटायची.

मे महिना होडीचाही वैरी. वळवाचा वारा या रुंद पाण्यावर कुठूनही सुटतो. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी प्रवासी बोट अशाच वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. जुनी माणसं आभाळाचा एक कोपरा काळवंडला की होडी काठाला लावत. हेही त्या वहीतल्यासारखंच ज्ञान, कुठल्या पुस्तकात न लिहिलेलं.

मी पुस्तकात न लिहिलेलं म्हणतो खरं, पण एक अपवाद सापडला. कर्नल विल्यम साइक्स हा इंग्रज अधिकारी १८२० च्या दशकात मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करत फिरत होता. त्याने भीमा आणि तिच्या उपनद्यांतले मासे जमवले, आणि १८३९ च्या सुमारास लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे त्यांची वर्णनं प्रसिद्ध केली. आमच्या वरच्या अंगाला असलेल्या पेडगावच्या भीमेतला मासाही त्यात आहे. गंमत म्हणजे त्याने शास्त्रीय नावं देताना कितीतरी ठिकाणी कोळ्या-भोयांच्या तोंडचीच नावं उचलली. आपला घोगरा झाला 'गोग्रा', शिंगटी झाली 'सीन्गटी', मळ्या झाला 'मुल्या', कोळशी झाली 'कोलस'. पुण्याच्या मुळामुठेतला महाशीर 'खुद्री' झाला, आणि पुढे १९७० च्या दशकात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी लोणावळ्याला त्याचीच कृत्रिम पैदास करून दाखवली. जगातला कुठलाही शास्त्रज्ञ आज ही नावं तशीच लिहितो.

म्हणजे ज्या नावांना साइक्सने लंडनपर्यंत नेलं, त्यांनाच मी पाच गुण दिले. साइक्सने ती नावं कुणाला विचारून घेतली असतील? काठावरच्याच कुणाला तरी. त्याचं नाव कुठे छापलेलं नाही, पण निदान साहेबाने ऐकून तरी घेतलं.

असो. मागच्या आठवड्यात मी त्या जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो. त्याचा मुलगा पर्यटकांची होडी चालवतो, नातू बारामतीला कॉलेजात आहे. मी म्हटलं, "अरे, तुझा तो निबंध मला परत हवाय." तो हसला. म्हणाला, "गुरुजी, ती वही घरासंगं पान्यात गेली." मग आम्ही ओट्यावर बसलो आणि तो आठवेल तसं सांगत गेला, मी लिहीत गेलो. मृगाची तीन नावं, आर्द्राची दोन, मघाचं एक. मधेच थांबायचा, आत हाक मारून बायकोला विचायचा. नातू मोबाईलमधून मान वर करून ऐकत होता. नातवाला चिलापी, कटला आणि अलीकडे जाळ्यात येऊन ती फाडणारा काटेरी सकर मासा एवढे तिघेच माहीत.

एकूण चौदा नावं झाली. हस्त नक्षत्रात, पूर ओसरताना, ज्वारीच्या भिजवलेल्या दाण्याला येणारा एक चपटा, रुपेरी मासा होता. त्याचं रूप त्याने हाताने काढून दाखवलं, चव सांगितली, काटे कसे असत ते सांगितलं. नाव काही आठवेना. बराच वेळ तो पाण्याकडे बघत राहिला.

मलाही आठवेना. मी ते वाचलं होतं, एकदा, लाल पेन हातात घेऊन.