डाकगाडीच्या आधीचा बोंबील

बोंबलाला इंग्रजीत ‘बॉम्बे डक’, म्हणजे मुंबईचे बदक, म्हणतात. या नावाचा उलगडा म्हणून एक गोष्ट हमखास सांगितली जाते. सुके बोंबील रेल्वेच्या टपालगाडीने, म्हणजे ‘बॉम्बे डाक’ने, दूरवर जात. डब्यांना त्यांचा वास लागे आणि त्यातूनच ‘डाक’चे ‘डक’ झाले. गोष्ट चटकदार खरी, पण तारखांपुढे ती टिकत नाही. मुंबई-ठाणे ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. त्याआधी पन्नास वर्षे, १८०३ मध्ये, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले तेच) मुंबईच्या लष्करी मंडळींना ‘डक्स’ म्हणून गेले आहेत. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात हे टोपणनाव माशाच्याच नावावरून आले असावे, असे मत दिले आहे.

आपले मराठी नाव तर त्याहून जुन्या लेखनात सापडते. १६७३ मध्ये मुंबईत आलेला जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य माझगावचे वर्णन मोठे मच्छीमार गाव असे करतो. तेथील ‘बंबेलो’ हे गोरगरिबांचे अन्न असल्याचेही तो नोंदवतो.

ताज्या बोंबलात दहातले जवळजवळ नऊ भाग पाणीच असते. अंग मऊ, अर्धपारदर्शक, करडसर पांढरे. असा मासा लवकर नासतो, म्हणून तो उन्हात वाळवायचा. कोळणी दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकतात. गाठ नको, सुतळी नको. हे जमते ते तोंडातल्या आत वळलेल्या, आकड्यासारख्या दातांमुळे. १८२५ मध्ये फ्रेंच निसर्गअभ्यासक लसूअर यांनी याच्या प्रजातीला ‘हार्पाडॉन’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ होतो, विळ्यासारखे दात असलेला! शास्त्रज्ञांना जे लक्षण नावासाठी उपयोगी पडले, तेच कोळणींना दोरीसाठी.

त्याआधी १८२२ मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतील माशांवरील ग्रंथात बोंबलाचे पहिले शास्त्रीय वर्णन केले होते. त्यांनी त्याला युरोपातील ‘स्मेल्ट’ या माशाच्या प्रजातीत घातले. स्मेल्ट आणि सामन यांच्या पाठीवर, शेपटीजवळ असतो तसा एक छोटा मांसल पर बोंबलालाही असतो. ब्रह्मदेशावर लिहिणारे मेसन १८६० मध्येही त्याला सामनचा जवळचा नातलग म्हणतात. आज बोंबील ‘लिझार्डफिश’ कुळात गणला जातो. गंमत अशी की, याच कुळातल्या दुसऱ्या एका माशाला आपल्या किनाऱ्यावर पूर्वापार ‘चोर बोंबील’ म्हणतात.

मुंबईचे नाव लावणाऱ्या माशाचे वर्णन गंगेच्या मुखाशी कसे झाले, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे नकाशा ठेवून जरूर विचारावा. गुजरात आणि उत्तर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर बोंबील विपुल आहे. दक्षिणेकडे तो विरळ होत जातो, आणि पुन्हा मोठ्या संख्येने भेटतो तो बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात. दोन्हीकडे समुद्र उथळ आहे, तळ गाळाचा आहे, नद्यांचे पाणी येऊन मिळते आणि भरती-ओहोटी जोरदार असते. खंबायतच्या आखातात भरती दहा मीटरपर्यंत चढते, केरळात जेमतेम मीटरभर.

आपल्याकडची डोल याच जोरावर चालते. प्रवाहाकडे तोंड करून खुंटांना बांधलेली ही शंकूसारखी जाळ्याची पिशवी. ती ओढत न्यावी लागत नाही, पाणीच मासळी आणून देते. उधाणाला जास्त, भांगेला कमी. बोंबील जवळ्याच्या मागे असतो (स्वतःची पिल्लेही तो सोडत नाही), म्हणून खाणारा आणि खाद्य दोघेही एकाच डोलीत सापडतात. पिशवीच्या शेवटाची वीण बारीक असल्याने बोटाएवढी पिल्लेही त्यांच्याबरोबर येतात. ती पुढच्या हंगामाची मासळी असते, हे कोळीवाड्यात कोणाला सांगावे लागत नाही. पण वीण मोठी करावी तर जवळा निसटतो, आणि त्यावरही घर चालते.