दिवा की जाग? एका बरोबर प्रयोगाचं चुकलेलं स्पष्टीकरण



मागच्या लेखानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की कंट्रोल ग्रुपवर एवढा भर कशासाठी. आज त्याचं उत्तर एका जुन्या गोष्टीतून देते. पण आधी माझी स्वतःची फजिती.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी जपानी लाव्यांच्या नरांवर काम करत होते. एका गटाला 16 तास उजेड आणि 8 तास अंधार, दुसऱ्याला 8 तास उजेड आणि 16 तास अंधार. लहान दिवसाच्या गटात वृषणं आक्रसायला हवीत आणि टेस्टोस्टेरॉन खाली यायला हवं. नर लाव्याच्या शेपटीखाली एक ग्रंथी असते, ती टेस्टोस्टेरॉनवर फुगते आणि ते कमी झालं की बसते. म्हणजे रक्त न काढताही अंदाज येतो. माझ्या पक्ष्यांची ग्रंथी काही बसेना. सहा आठवडे झाले तरी निम्मे नर जसेच्या तसे. मी किट तपासलं, खाद्य तपासलं, पक्ष्यांची वयं तपासली. शेवटी मॅडमनी एकच प्रश्न विचारला, “रात्री खोलीत जाऊन बघितलंस का?”

नव्हतं बघितलं. गेले तर दाराखालच्या फटीतून व्हरांड्यातल्या ट्यूबलाइटचा पट्टा थेट खालच्या दोन पिंजऱ्यांवर. कागदावरचा 16 तासांचा अंधार प्रत्यक्षात नव्हताच. सहा आठवड्यांचा डेटा बाद.

त्या दिवसांत मी या विषयाचा इतिहास पहिल्यापासून वाचायला घेतला आणि विल्यम रोवन भेटला.

एडमंटनचा हिवाळा

रोवन कॅनडात एडमंटनला अल्बर्टा विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवायचा. त्याला स्थलांतराचं कोडं सोडवायचं होतं: पक्ष्याला निघायची वेळ कळते कशी? थंडीवरून म्हणावं तर थंडी दरवर्षी मागेपुढे होते. दरवर्षी त्याच तारखेला तेवढंच असतं ते फक्त दिनमान. मुंबईत सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसात सव्वादोन तासांचा फरक पडतो. एडमंटन एवढं उत्तरेला आहे की तिथे हिवाळ्यातला दिवस साडेसात तासांचा आणि उन्हाळ्यातला सतरा तासांचा. तिथल्या माणसाला दिनमान सुचणं साहजिकच होतं.

1924 च्या शरद ऋतूत त्याने जुन्को नावाचे छोटे स्थलांतरी पक्षी पकडले आणि उघड्या पिंजऱ्यांत ठेवले. एका पिंजऱ्यात विजेचे दिवे लावून तो संध्याकाळ रोज थोडी थोडी लांबवत गेला. शेजारच्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना फक्त नैसर्गिक दिवस. खाणं तेच आणि थंडीही तीच. पारा उणे 40 अंशांच्याही खाली जात होता. भर हिवाळ्यात त्याने दोन्हीकडचे पक्षी तपासले. दिव्याखालच्या नरांची वृषणं वसंतात असतात तशी वाढलेली, शेजारच्यांची हिवाळ्यात असतात तशी बारीक. 1925 मध्ये हे ‘नेचर’मध्ये छापून आलं.

इथे जरा थांबा. ‘वाढलेली’ म्हणजे थोडीफार नव्हे. हंगामी प्रजनन करणाऱ्या पक्ष्यांची वृषणं हंगामात शेकडो पट मोठी होतात, आणि हंगाम संपला की पुन्हा जवळजवळ दिसेनाशी होतात. एवढा मोठा बदल नुसत्या दिव्याने घडवता आला. थंडी उपासमारीने मारू शकते, पण वृषणांची वाढ तिने रोखली नाही, हेही त्याच मांडणीतून कळलं.

खरं तर पक्षी पाळणाऱ्यांना यातलं थोडंफार आधीपासून माहीत होतं. जपानमध्ये हिवाळ्यात रात्री दिवा दाखवून गाणारे पक्षी अवेळी गाते करायची जुनी पद्धत होती. हॉलंडचे पारधी पक्ष्यांना वसंतापासून उन्हाळा सरेपर्यंत अंधारात ठेवायचे, म्हणजे शरदात उजेडात आणल्यावर ते गायचे आणि जाळ्याकडे इतरांना खेचायचे. त्यांच्याकडे युक्ती होती. रोवनने तिला शेजारचा पिंजरा जोडला.

मग चुकलं काय?

रोवनला प्रश्न पडला की उजेड वृषणांपर्यंत पोहोचतो कसा. त्याचं उत्तर असं: दिवा लागला की पक्षी जास्त वेळ जागा राहतो, जास्त हालचाल करतो, आणि वृषणं वाढतात ती त्या हालचालीने. हे तपासायला त्याने दिव्याचे तास न वाढवता यंत्राने हलणाऱ्या दांडीने पक्ष्यांना जागतं ठेवलं. तिथेही वृषणं काही प्रमाणात वाढल्याचं त्याला दिसलं. झालं, त्याची खात्री पटली.

अमेरिकेत हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात टी. एच. बिसोनेट स्टार्लिंगवर काम करत होता. स्टार्लिंग म्हणजे आपल्या साळुंकीच्याच कुळातला पक्षी. त्याने उजेड आणि हालचाल वेगळे केले. उजेडाशिवाय नुसती कसरत करून वृषणं वाढेनात. शिवाय तांबड्या उजेडाने वाढ व्हायची, हिरव्याने नाही. सगळा खेळ जागरणाचा असता तर दिव्याच्या रंगाने एवढा फरक का पडावा?

पुढचं पाऊल 1930 च्या दशकात फ्रान्समध्ये झाक बेन्वाने टाकलं. त्याने बदकांचे डोळे काढले तरी उजेडाने वृषणं वाढली. क्वार्ट्झच्या बारीक कांडीतून उजेड थेट मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसपाशी नेला, तरीही वाढली. पीयूष ग्रंथी काढली की मात्र सगळं थांबलं. म्हणजे पक्ष्याला दिनमान कळायला डोळ्यांची गरज नाही, उजेड कवटीतून आत झिरपतो. साखळी अशी: हायपोथॅलॅमस पीयूष ग्रंथीला इशारा देतो, तिची संप्रेरकं वृषणांना, आणि मग टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू तयार होतात. दिवस लहान झाला की वरचा इशाराच मंदावतो. वृषणं बिघडत नाहीत, त्यांना निरोप येत नाही.

सस्तन प्राण्यांत निरोप रात्र देते

सस्तन प्राण्यांचे डोळे झाकले तर मात्र दिनमान कळत नाही. तिथे मधला दुवा वेगळा निघाला. 1958 मध्ये येल विद्यापीठातला त्वचारोगतज्ज्ञ आरन लर्नर कातडीच्या रंगावर काम करताना गुरांच्या पिनिअल ग्रंथीतून एक रेणू वेगळा करून बसला: मेलॅटोनिन. त्याला प्रजननाशी काही देणंघेणं नव्हतं.

1965 मध्ये हॉफमन आणि रायटर यांनी नर हॅमस्टरना दिवसातून एकच तास उजेड दिला. वृषणं आक्रसली. ज्यांची पिनिअल ग्रंथी आधीच काढली होती त्यांची मात्र तशीच राहिली. इथेही तुलनेसाठीचा गट नसता तर ‘अंधाराने वृषणं सुकतात’ एवढंच हाती लागलं असतं. मेलॅटोनिन रात्री स्रवतं, त्यामुळे रात्र जितकी लांब तितका वेळ ते रक्तात. पुढे 1980 च्या दशकात कार्टर आणि गोल्डमन यांनी पिनिअल काढलेल्या हॅमस्टरना मोजून मेलॅटोनिन दिलं, तेव्हा ते रोज किती तास मिळतं यावरून शरीर ऋतू ओळखतं हे दिसलं. गंमत म्हणजे हाच लांब रात्रीचा निरोप मेंढ्याला उलटा लागतो, त्याचा हंगाम दिवस लहान होताना सुरू होतो.

तास नव्हे, वेळ

आता माझ्या दाराखालच्या फटीकडे येऊ. एवढासा उजेड पक्ष्यांना पुरला कसा?

1936 मध्ये एर्विन ब्युनिंगने वनस्पतींवरून एक कल्पना मांडली: सजीव उजेडाचे तास मोजत नाहीत, त्यांच्या आतल्या घड्याळाची दिवसाची आणि रात्रीची बाजू असते, आणि उजेड कोणत्या बाजूवर पडला ते महत्त्वाचं. 1963 मध्ये हॅमनरने ती फिंच पक्ष्यांवर तपासली, 1972 मध्ये एलियट, स्टेटसन आणि मेनेकर यांनी हॅमस्टरवर. उजेड प्रत्येक वेळी 6 तासच, बदलला फक्त अंधार. उजेडअंधाराचं चक्र 24 किंवा 48 तासांचं ठेवलं तर हॅमस्टरची वृषणं आक्रसली. 36 किंवा 60 तासांचं ठेवलं तर शाबूत राहिली.

नीट बघा. 36 तासांच्या चक्रात प्राण्याला रोजच्या हिशेबाने 24 च्या चक्रापेक्षा कमी उजेड मिळतो. पण दर दुसऱ्या खेपेला तो आतल्या रात्रीवर पडतो, आणि शरीर म्हणतं, दिवस मोठा झाला. म्हणून रात्री पडलेला थोडासा उजेडही दिनमान मोडू शकतो.

लंडन ते म्युनिक

रोवन पुन्हा एकदा भेटतो, 1937 मध्ये, लंडनच्या स्टार्लिंगसोबत. शहराच्या मध्यात रात्र काढणाऱ्या स्टार्लिंगची वृषणं हिवाळ्यात खेड्यातल्या स्टार्लिंगपेक्षा पुढे होती. त्याने श्रेय दिलं रहदारीला, म्हणजे पुन्हा जागरणालाच. रस्त्यावरचे दिवे समोर होते, पण त्याची नजर स्वतःच्या सिद्धांतावर होती.

2013 मध्ये दोमिनोनी आणि सहकाऱ्यांनी ब्लॅकबर्डच्या नरांना रात्री फक्त 0.3 लक्स उजेड दिला, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. त्यात म्युनिक शहरातले पक्षीही होते. आवाज नाही, रहदारी नाही. त्यांची प्रजननसंस्था अंधारी रात्र मिळालेल्यांपेक्षा जवळजवळ महिनाभर आधी तयार झाली. पण प्रयोग दुसऱ्या वर्षीही चालू ठेवला तेव्हा उजेडातल्या नरांची वृषणं वाढलीच नाहीत आणि टेस्टोस्टेरॉनही खालीच राहिलं. एका वर्षाचा डेटा घेऊन थांबले असते तर निष्कर्ष अर्धाच राहिला असता.

आपण काय घ्यायचं?

रोवनला मी चुकीचा म्हणून सोडून देत नाही. त्याचा शेजारचा पिंजरा इतका चोख होता की स्पष्टीकरण पडलं तरी निकाल शंभर वर्षं टिकला. पण ‘दिवा’ आणि ‘जाग’ एकत्र बदलतात हे त्याला पूर्ण सोडवता आलं नाही, आणि पहिला होकार मिळाल्यावर तो तिथेच थांबला. तुमच्या प्रयोगातही अशी जोडी असणार. सिनॉप्सिस लिहितानाच विचारा: मी एक गोष्ट बदलतोय म्हणतो, तेव्हा तिच्यासोबत आणखी काय बदलतंय?

प्राण्यांवर काम करणार असाल तर आणखी एक. उंदीर असो, लावा असो की मासा, मेथड्समध्ये ‘12:12’ लिहिण्याआधी एकदा रात्री खोलीत जा, दिवा बंद करा, दहा मिनिटं उभे राहा. डोळे सरावले की फट दिसते. माझ्या दाराखाली आता काळ्या रबराची पट्टी आहे, आणि नव्या तुकडीतल्या नरांची ग्रंथी पाचव्या आठवड्यात बसली.

तुमच्या प्रयोगात अशी कोणती ‘फट’ सापडली, ते नक्की कळवा. पुढच्या लेखात नमुन्याचा आकार कसा ठरवायचा ते बघू.