१२. संदूक
मूळ अरबी ‘सन्दूक’. फारसीमार्फत मराठीत आलेला शब्द. बुलढाणा जिल्ह्यात घरातली मोठी लाकडी पेटी या अर्थाने रूढ. भिंतीतल्या फडताळाहून ती वेगळी : फडताळ घराशी बांधलेले, संदूक मात्र जागची हलवता येते. उत्तम संदूक सागवानाची. सागाच्या अंगच्या तेलामुळे वाळवी सहसा लागत नाही. जिल्ह्याच्या उत्तरेला, संग्रामपूर तालुक्यात सातपुड्याच्या कुशीतल्या अंबाबरवा परिसरात सागाचे जंगल आजही आहे. झाकणाला कडी-कोयंडा, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. आत एका बाजूला दागिने-कागदपत्रांचा छोटा खण. तळाशी कडुनिंबाचा वाळलेला पाला, त्यावर लुगडी. ही टीप ज्या मजकुराला आहे, त्यातली आजी संदूक उघडण्यापूर्वी हात पुसते, ते याच लुगड्यांसाठी. १८७० साली जिल्ह्यातल्या खामगावपर्यंत रेल्वे आली, कापसाची पेठ वाढली. या बदलांबरोबर पुढे पत्र्याच्या ट्रंका आणि लोखंडी कपाटांनी संदुकीची जागा घेतली. ज्यांच्या घरी ती अजून आहे, त्यांनी ती रंधून नवी करू नये. कडीपाशी हातांनी गुळगुळीत झालेले लाकूड हाच त्या घरातल्या बायकांचा लेखी नसलेला इतिहास आहे. — संपा.