ब्रोशरमधली बाग गेली, तिथं इमारत आली : बिल्डरने नकाशा बदलला तर काय करायचं?

बुकिंग करताना खिडकीसमोर बाग दाखवली जाते. ताबा मिळतो तेव्हा तिथं जनरेटरची खोली असते, नाहीतर नव्या विंगचा पाया खणलेला असतो. बेळगाव, मडगाव, इंदूर, वडोदरा, शहर कुठलंही असो, गाऱ्हाणं सारखंच. ‘आता काय करणार, पैसे तर भरून बसलो’ असं म्हणून बरेच जण गप्प बसतात. प्रत्यक्षात या विषयावर कायदा बराच स्पष्ट आहे.

स्थावर संपदा (नियमन आणि विकास) कायदा, म्हणजे रेरा, २०१६ साली झाला आणि १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. साधारणपणे ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन किंवा आठपेक्षा जास्त फ्लॅट असतील, तर प्रकल्पाची नोंदणी सक्तीची आहे. आपल्या विषयाचं कलम १४ वं. मंजूर नकाशाप्रमाणेच बांधायचं, हा त्यातला मूळ नियम. तुमच्या फ्लॅटमध्ये बदल करायचा असेल तर तुमची संमती आधी घ्यावी लागते. इमारतीच्या किंवा कॉमन जागेच्या नकाशात बदल करायचा असेल, तर त्या इमारतीतल्या किमान दोन तृतीयांश ग्राहकांची लेखी संमती आधी लागते. बाग, मुलांची खेळायची जागा, गच्ची, उघडी पार्किंग हे सगळं कायद्याच्या व्याख्येत कॉमन जागेतच येतं.

दोन तृतीयांशाच्या हिशेबात पुष्कळ जण फसतात. समजा इमारतीत २४ फ्लॅट आहेत, त्यातले १८ विकले गेले आणि त्यातले तीन एकाच घराने घेतले. बिल्डरकडे शिल्लक राहिलेले सहा मोजायचे नाहीत. एका घराने कितीही फ्लॅट घेतले तरी ग्राहक एकच धरायचा. म्हणजे ग्राहक झाले १६ आणि संमती हवी ११ जणांची. बिल्डर स्वतःचे सहा आणि भावकीच्या नावावरचे तीन धरून ‘बहुमत झालं’ म्हणत असेल, तर ते कागदावर टिकत नाही.

‘किरकोळ बदल आहे, आर्किटेक्टने सांगितलं’ हे दुसरं ठरलेलं उत्तर. बांधकामाच्या तांत्रिक कारणासाठी किरकोळ बदलाची सवलत कायद्यात आहे खरी, पण त्यासाठी अधिकृत आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरची शिफारस आणि ग्राहकाला रीतसर कळवणं लागतं. शिवाय क्षेत्रफळ वाढवणं, उंची बदलणं, भिंत किंवा खांब काढणं, जाण्यायेण्याचा आवश्यक रस्ता बंद करणं, यातलं काहीही किरकोळ समजलं जात नाही.

आता संमतीच्या कागदाबद्दल. माझ्या स्वतःच्या फ्लॅटचा ताबा घेताना माझ्यापुढे आठ-दहा कागदांची चळत ठेवली होती. किल्ल्या टेबलावर, बाहेर घरचे नारळ घेऊन उभे. मी वाणिज्य शाखेचा माणूस, रोज दुसऱ्यांच्या तक्रारी लिहिणारा, तरी भराभर सह्या करत गेलो. सातव्या कागदावर ‘सुधारित नकाशाला माझी हरकत नाही’ असं इंग्रजीत होतं. नशिबाने बायकोने थांबवलं. तो कागद आम्ही परत केला आणि किल्ल्या तरीही मिळाल्या. आपल्या सीमाभागात हा धोका दुप्पट आहे, कारण कागद कन्नड किंवा इंग्रजीत असतात आणि घरातली वडीलधारी माणसं फक्त मराठी वाचतात. भाषा समजली नाही तर सही दुसऱ्या दिवशी करा.

करारातच ‘पुढे होणाऱ्या सर्व बदलांना संमती’ असं वाक्य घातलेलं असेल तर? महाराष्ट्रातल्या जुन्या मोफा कायद्याखाली (१९६३) मुंबई उच्च न्यायालयाने अशी सरसकट संमती पुरेशी मानलेली नाही. नेमका कोणता बदल आहे हे सांगून घेतलेली संमती हवी, असा तो निकाल होता. तेव्हा करारातलं ते वाक्य दाखवलं म्हणून घाबरून जायचं कारण नाही.

याच विषयातलं देशभर गाजलेलं प्रकरण नोएडातल्या एमराल्ड कोर्ट या सुपरटेकच्या प्रकल्पाचं. तिथं एका टॉवरसमोर बाग दाखवली होती. नंतर नकाशे सुधारून त्याच जागी दोन नवे टॉवर उभे राहिले आणि त्यांना ४० मजल्यांपर्यंत परवानगी मिळाली. रहिवाशांची संमती घेतली नव्हती, दोन इमारतींमधलं किमान अंतरही पाळलं नव्हतं. रहिवासी संघ कोर्टात गेला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये टॉवर पाडायला सांगितले, सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०२१ ला तो आदेश कायम केला आणि २८ ऑगस्ट २०२२ ला दोन्ही टॉवर स्फोटकांनी पाडले गेले. त्या टॉवरमध्ये पैसे भरलेल्यांना १२ टक्के व्याजासह रक्कम परत द्यायची आणि रहिवासी संघाला खर्चापोटी दोन कोटी रुपये द्यायचे, असंही निकालात होतं. ती लढाई रेराखाली नव्हती, उत्तर प्रदेशच्या अपार्टमेंट कायद्याखाली होती. पण मुद्दा तोच, न विचारता बदललेला नकाशा. आणि वर्षं किती गेली तेही बघा.

म्हणून लवकर हालचाल करणं महत्त्वाचं. पाया खणतानाच तक्रार केली तर रेरा प्राधिकरण कलम ३६ खाली काम थांबवण्याचा अंतरिम आदेश देऊ शकतं. स्लॅब पडल्यावर तोच आदेश मिळवणं अवघड जातं.

आधी कागद जमवा. मंजूर नकाशा बघायचा तुमचा हक्क कलम १९ मध्येच लिहिला आहे, बिल्डरकडे लेखी मागा. शिवाय रेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नावाने नकाशे चढवलेले असतात, ते उतरवून ठेवा. बेळगावात बुडा किंवा महापालिकेकडून माहिती अधिकारात प्रमाणित प्रत मिळते. कर्नाटकात हा अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, लांबण लावली तर परत येतो. ब्रोशर, जाहिरात, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली चित्रं टाकून देऊ नका. खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर कलम १२ खाली भरपाई मागता येते. व्यवहार सोडायचा असेल तर व्याजासह पैसेही परत मागता येतात.

एक गोष्ट मात्र नीट तपासा. मोठ्या लेआऊटमध्ये प्रत्येक फेज वेगळा प्रकल्प म्हणून नोंदवता येतो. तुम्हाला दाखवलेली बाग ‘फेज दोन’च्या नोंदणीत निघाली तर भांडण गुंतागुंतीचं होतं. आणि समोरचा प्लॉट तिसऱ्याच मालकाचा असेल, तर रेरा तिथं काही करू शकत नाही. तिथं बांधकाम नियमाबाहेर असेल तर तक्रार नगर नियोजनाकडे किंवा पालिकेकडे करायची.

तक्रार कुठं करायची, तर प्रकल्प ज्या राज्यात आहे तिथं. ग्राहक कुठं राहतो याला महत्त्व नाही. बेळगावकराने पुण्यात फ्लॅट घेतला तर महारेरा, म्हापशात घेतला तर गोवा रेरा. बेळगावातल्याच प्रकल्पासाठी बेंगळूरचं कर्नाटक रेरा, इंदूर-ग्वाल्हेरसाठी भोपाळ, वडोदऱ्यासाठी गांधीनगर. रक्कम परत आणि व्याज हे प्राधिकरणाकडे मागायचं, नुकसानभरपाई न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे. ही विभागणी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केली. एकाच अर्जात सगळं घातलं तर फेऱ्या वाढतात. कलम १४ मोडल्यास प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. आदेशाविरुद्ध अपिलाची मुदत ६० दिवस. ग्राहकाला पैसे द्यायचा आदेश असेल तर बिल्डरला ती रक्कम आधी भरूनच अपील चालवता येतं.

ग्राहक आयोगाचा रस्ताही मोकळा आहे, तिथं मुदत दोन वर्षांची. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात जाता येतं, म्हणजे बेळगावकरांना बेंगळूर गाठायला नको. नकाशा बदलल्याची तक्रार मात्र रेरापुढेच जास्त सरळ चालते.

पार्किंगचाही प्रश्न सतत येतो. इमारतीखालची स्टिल्ट पार्किंग वेगळी विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईतल्या पांचाली सोसायटीच्या प्रकरणात मोफाखाली ठरवलं आहे.

एकट्याने तक्रार करता येते, पण असोसिएशन असेल तर वजन पडतं. निम्म्याहून जास्त फ्लॅट बुक झाल्यावर तीन महिन्यांत ती स्थापन व्हायला मदत करणं बिल्डरवर बंधनकारक आहे. ‘सगळे फ्लॅट विकल्यावर बघू’ असं तो म्हणाला, तर लेखी मागणी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती फाईलला लावा.