काखेतील ग्रंथीजन्य कर्करोग : निदानाचा इतिहास

काखेत गाठ आली की दोंडाईचा परिसरात पहिले नाव निघते ते काखमांजरीचे. बहुधा ते बरोबरही असते. परंतु न दुखणारी, महिनोन्महिने टिकणारी गाठ याच नावाखाली शेकली गेली, तर निदानाचा काळ हातचा जातो.

घर्मग्रंथींचे वर्णन पुर्किन्ये यांनी १८३३ मध्ये केले. काखेतील विशेष ग्रंथींना ‘अपोक्राइन’ हे नाव मात्र शिफरडेकर यांनी १९१७ मध्ये दिले. नाव मिळाले तरी पेच सुटला नाही. स्तनग्रंथी ही याच ग्रंथींची भावंड मानली जाते; शिवाय काखेत कधीकधी स्तनाची ऊतीही असते. परिणामी काखेतच उद्भवलेला कर्करोग आणि स्तनातून तेथे पसरलेला कर्करोग सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसू शकतात. उपचारांची दिशा मात्र याच भेदावर ठरते.

महाराष्ट्रात अशा परीक्षणाला भक्कम अधिष्ठान लाभले ते परळच्या टाटा स्मारक रुग्णालयामुळे. ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तेथील विकृतिशास्त्र प्रयोगशाळा घडवली. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत अल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडाला प्रकाशमान रंग जोडून दाखवला. आजचे प्रतिपिंड-रंजन हा त्याच कल्पनेचा विस्तार होय. पी-६३ हे प्रथिन रंगल्यास कौल त्वचाग्रंथीकडे झुकतो. तथापि अपोक्राइन प्रकारात तोही निर्णायक ठरत नाही. म्हणूनच काचपट्टीवरील अहवालास स्तनतपासणी व मॅमोग्राफीची जोड द्यावी लागते, रुग्ण पुरुष असला तरीही.