मैदानावरचा नारळ
* मारुतीला नारळ वाढवल्याशिवाय सराव सुरू न करण्याची रीत तालमीतून कॉलेजच्या मैदानावर आली. तालमीत मारुती हे बळाचे दैवत आणि वस्तादाचा शब्द अखेरचा. दुसऱ्या बाजीरावाचे व्यायामगुरू बाळंभटदादा देवधर सप्तशृंगीचे उपासक होते. मल्लखांब त्यांना साक्षात मारुतीने शिकवला, अशी परंपरागत कथा आहे. गुरूचे कसब आणि त्याची भक्ती शिष्याला वेगळी दिसत नसे.

उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर पट्ट्यात मात्र संघ एका दैवताचा नसतो. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि त्यांचे दैवत झूलेलालही इथलेच झाले. अंबरनाथचे शिवमंदिर तर १०६० सालचे. आगरी, सिंधी, बौद्ध, मुस्लिम, ख्रिस्ती मुले एकाच संघात खेळतात.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २८(३) नुसार शासनमान्य वा अनुदानित संस्थेतील उपासनेला विद्यार्थ्याने संमतीविना हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. पण संघाची यादी प्रशिक्षकाच्या हाती असते. तिथे सरावाआधीचा नारळ किंवा ‘ऐच्छिक’ आरती खरोखर ऐच्छिक उरते का, हा प्रश्न प्रस्तुत संपादकाला महत्त्वाचा वाटतो. प्रशिक्षकाच्या स्वतःच्या श्रद्धेला आक्षेप नाही. अमेरिकेत २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सामन्यानंतर मैदानावर प्रार्थना करणाऱ्या शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. तीन न्यायाधीशांच्या भिन्नमतात खेळाडूंवरील दडपणाचाच मुद्दा होता. — संपा.